पावसाचा आवाज आणि आपलं मन

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका मैत्रिणीनं विचारलं, "गोष्टीत 'ती दुःखी झाली' एवढं लिहिलं तर पुरत नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. ते घरी आज्जीकडे मिळालं.

बेळगावातलं आमचं कौलारू घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. गळती थांबली, सगळे खूश. आज्जी मात्र पावसाळाभर खिडकीशी बसून. "पाऊस आलेला कळंनाच झालंय बघ," म्हणायची. रात्री झोपही लागेना. आम्हाला वाटलं, वय झालं. पण तिचं हरवलं होतं ते कौलांवरचं वाजणं.

आवाजाची कंपनं कानाच्या पडद्यावरून आतल्या कर्णशंखात जातात. तिथल्या रोमपेशी त्यांचे विद्युत संदेश करतात आणि ते थॅलॅमसमार्गे मेंदूच्या श्रवणकेंद्रात पोचतात. पण शरीर तेवढंही थांबत नाही. मागे भांडं पडलं की आपण आधी दचकतो, मग कळतं की भांडं होतं. कारण दचकणं मस्तिष्कस्तंभातूनच सुटतं. वासाची वाट तर आणखी जवळची. ती थॅलॅमसला न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेली आहे. पहिल्या पावसात मातीचा वास आला की गाव आठवतं, ते यामुळेच. या वासाला 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं.

आपल्या काव्यशास्त्रानं हे वेगळ्या शब्दांत ओळखलं होतं. मनातला भाव चेतवणाऱ्या भोवतालाला तिथं 'उद्दीपन विभाव' म्हणतात: चांदणं, कोकिळेचा आवाज, पाऊस. मम्मटानं तर 'काव्यप्रकाशा'त भावाचं नुसतं नाव घेऊन मोकळं होणं हा दोषच मानला आहे. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. नाव घेतल्यानं भाव कळतो, पण जाणवत नाही.

आणि मराठीला आवाजाची श्रीमंती किती! पाऊस 'रिमझिम' पडला की मन हलकं होतं, 'रिपरिप' लागली की वैताग येतो, 'धो धो' कोसळला की धडकी भरते. पाणी तेच, शब्दातला आवाज बदलला की भाव बदलतो.

शेवटी आम्ही आज्जीच्या खिडकीवर पत्र्याचं छोटं छप्पर बसवलं. त्या रात्री सर आली, पत्रा ताडताड वाजला. कौलांचा आवाज काही तो नव्हे. तरी आज्जी उठून बसली आणि आजोबा गेले त्या रात्रीबद्दल पहिल्यांदाच बोलली. रडली, मग झोपली.

पुढच्या बैठकीला प्रत्येकानं पाच ओळी लिहून आणायच्या. भावनेचं नाव कुठंही घ्यायचं नाही. एक आवाज किंवा एक वास, एवढंच. ऐकणाऱ्यांनी भाव ओळखायचा. ओळखता आला, तर धडा समजला म्हणायचं.