गावाची पूर्वतयारी

तापी व पूर्णा या दोन नद्यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे होतो. तापी मध्य प्रदेशातील मुलताईहून येते, तर पूर्णा सातपुड्यात उगम पावून वऱ्हाडातून वाहत येते. त्यामुळे कधी कधी येथे आकाश निरभ्र असते, आणि नद्या मात्र दुथडी भरून वाहतात. पाऊस दूर कोठेतरी कोसळलेला असतो. संगमाच्या खाली हतनूरचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडताना काठच्या गावांना सावधगिरीची सूचना दिली जाते.

सूचना देणे हे सरकारचे काम होय. परंतु एखाद्या घरात एकटी राहणारी वृद्धा असते. तिला ऐकू येत नाही. तिला हात धरून उंचावर कोणी न्यावे, हे पाणी अंगणात शिरल्यावर ठरवू म्हटले, तर ते ठरतच नाही.

साथीच्या रोगांचेही असेच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोगी शोधण्यासाठी इंग्रज सरकारने गोरे शिपाई घराघरांत धाडले. त्यांनी माजघर पाहिले नाही की देवघर पाहिले नाही. परिणामी भयभीत लोक रोग्यांनाच लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या रुग्णालयात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच त्यांना प्लेग जडला व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. शिपायाला पाहून मिटणारे दार आपल्या माणसाला पाहून उघडते.

२००५ सालच्या कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. पण त्याची योजना घरोघर पोहोचवायची, तर गावकऱ्यांनी पुढे आले पाहिजे. वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया कोणत्या घरी आहेत, निवाऱ्यासाठी उंचावरची इमारत कोणती, पुरानंतर विहिरीतील पाण्याचे शुद्धीकरण कोणी करावे, हे पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत ठरावे व त्याचा एकदा सरावही व्हावा.

मुक्ताईनगरला ही शिस्त नवी नाही. संत मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी येथून पंढरपुरास पायी जाते. वीणा कोणी घ्यावी, पाणी कोणी द्यावे, थकलेल्यास कोणी सांभाळावे, यावर वाटेत वाद होत नाही. ते निघण्यापूर्वीच ठरलेले असते.

मुलांनो, आपल्या गल्लीत सूचना ऐकू न येणारे कोण आहे, आणि त्याला बोलावण्यास कोण जाईल, एवढे तरी तुम्ही आजच विचारून ठेवा.