आरोग्य-पाठ : डबा, भूक आणि वजनाचा काटा



दरवेळी या पानावर मी परीक्षा, निकाल आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी जेवणाविषयी लिहितो आहे. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी ही घरची भाषा. लिहिताना कुठे हिंदीची छटा आली तर सांभाळून घ्यावे.

आरंभ एका चुकीपासून करतो, आणि ती चूक माझीच आहे. मागे एकदा आपण सर्व मुलांची उंची व वजन घेतले. काम लवकर उरकावे म्हणून मी सांगितले की एकाने आकडा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने वहीत लिहावा. काम लवकर उरकले खरे, पण प्रत्येक आकड्यावर वर्गात हसू पिकत गेले. जो जाड त्याला हसले, जो काटकुळा त्यालाही हसले. त्यानंतर काही दिवसांनी एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी घेरी येऊन खाली बसली. जवळ बसवून विचारले तेव्हा कळले की ती सकाळी काही न खाता येत होती आणि डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती. म्हणाली, "सर, मला बारीक व्हायचं आहे." तिचे वजन वयाच्या मानाने थोडेसेच जास्त होते. तिच्या आईला बोलावून मी माफी मागितली. मुलीची ओळख पटू नये म्हणून वर्ग आणि वर्ष लिहीत नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. मुलाचे वजन चिडवून, धाक दाखवून किंवा उपाशी ठेवून नीट होत नाही. घरातल्या सर्वांच्या खाण्याच्या सवयी बदलल्या तरच ते नीट राहते. आजचा पाठ एवढाच आहे.

1. वजन कुणाचे, किती?

आपल्या देशात दोन्ही दुखणी एकाच वेळी नांदत आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 24 टक्के जास्त वजनाच्या आढळल्या, तर सुमारे 19 टक्के कमी वजनाच्या. जगाचे चित्रही बदलते आहे. युनिसेफने 2025 मध्ये सांगितले की 5 ते 19 वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाले आहे.

मोठ्या माणसासाठी मोजणी सोपी आहे. पोटाचा घेर टेपने मोजावा. आपल्याकडील पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर सावध व्हावे. मुलांचे तसे नाही. मूल वाढत असते, म्हणून त्याचे वजन वय आणि उंची यांच्या तक्त्यावरच पाहावे लागते, आणि ते काम डॉक्टरांचे. शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही.

पालकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. थोड्या जास्त वजनाच्या मुलाचे वजन घटवण्याची घाई बहुधा करावी लागत नाही. वजन आहे तिथे थांबले आणि उंची वाढत गेली तर शरीर आपोआप प्रमाणात येते. त्याला डाएटिंगची नव्हे, चांगल्या जेवणाची आणि खेळाची गरज आहे. वजन फारच जास्त किंवा फारच कमी असेल, किंवा अचानक बदलले असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

2. एकच केळे, दोन रूपे

आपला बुऱ्हाणपूर जिल्हा केळ्यांचा. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेतही आपले केळेच आहे. आपल्या कितीतरी मुलांच्या घरी केळीची बाग आहे, नाहीतर केळ्यांवर चालणारा काही धंदा आहे. तरी मी मधल्या सुट्टीत फिरतो तेव्हा डब्यात केळे क्वचित दिसते, चिप्सचे पाकीट मात्र हमखास दिसते.

आता गणित करू. पिकलेल्या केळ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. 100 ग्रॅम गरात साधारण 90 ते 110 कॅलरी मिळतात, सोबत तंतू आणि पोटॅशियम. एक केळे खाल्ले की पोटाला आधार वाटतो. त्याच केळ्याचे काप तेलात तळले की पाणी उडून जाते आणि त्याच्या जागी तेल शिरते. वरून मीठ पडते. 100 ग्रॅम चिप्समध्ये 500 पेक्षा जास्त कॅलरी होतात. म्हणजे 50 ग्रॅमचे छोटे पाकीट दोन केळ्यांहून भारी पडते, आणि पाकीट संपले तरी भूक तशीच राहते. हात पुन्हा पाकिटात जातो.

चिप्सच्या धंद्यावर आपल्या गावातली कितीतरी घरे चालतात. त्या मेहनतीला माझा नमस्कार आहे. चिप्स कधीतरी चवीने खाव्यात, पण रोजचा डबा म्हणून नव्हेत. अति तेथे माती, एवढेच.

3. गोडाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात दिवसाला साखर 25 ते 30 ग्रॅमपर्यंत आणि मीठ 5 ग्रॅमपर्यंत ठेवावे असे सांगितले आहे. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे 5 ग्रॅम. थंड गोड पेयाच्या 300 मिलीच्या एका बाटलीत 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे एक बाटली प्यायली की दिवसभराचा कोटा संपला!

पण मुलांकडे बोट दाखवण्याआधी मी स्वतःचा हिशेब केला. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे 50 ग्रॅम साखर नुसत्या चहातून. डॉक्टरांनी रक्तातली साखर सीमारेषेवर आहे असे सांगितले तेव्हा कुठे डोळे उघडले. एकदम बंद केली असती तर चार दिवसही टिकलो नसतो. म्हणून पहिल्या महिन्यात दोन चमच्यांचा दीड केला, पुढच्या महिन्यात एक, आता अर्धा आहे. कपही पाचाचे दोन झाले. जिभेला सवय लागायला वेळ लागतो, पण लागते. आता कुणाकडे दोन चमच्यांचा चहा मिळाला तर तो मलाच पाकासारखा वाटतो.

ज्या गावात चारशे वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून कुंडी भंडाऱ्याच्या वाटेने आणले गेले, त्या गावच्या मुलाने तहान लागली की रंगीत बाटली मागावी, हे बरे दिसत नाही. तहानेला पाणी, आणि उन्हाळ्यात ताक. याहून चांगले पेय नाही.

आणि आपली मावा जलेबी? दराबा? ते सोडा असे मी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. सण सणासारखा करावा. पाहुणे आले, दिवाळी आली, मुलगा पास झाला, तर जरूर आणावी. मात्र रविवार आला की पोहे-जलेबी, कंटाळा आला की जलेबी, असे झाले की मग सणाची गोडीही जाते.

4. एकादशी आणि दुप्पट खाशी

आपल्या मराठी घरांतले उपासही जरा तपासून पाहावेत. साबुदाणा हा कंदापासून काढलेला जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात तूप, शेंगदाण्याचे कूट आणि बटाटा घातला, वर तळलेले वडे आणि वेफर्स आले, की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण खरी होते. उपास करायचाच तर फळे, ताक, भगर, काकडीची कोशिंबीर असा हलका करावा. वाढत्या मुलांना वजनासाठी उपास कधीच करायला लावू नये.

उलट रोजचे आपले खाणे किती शहाणपणाचे आहे ते पाहा. ज्वारीची भाकरी तेलाशिवाय होते आणि चावून खावी लागते. वरण, उसळ, पालेभाजी, वांग्याचे भरीत (तेल हात राखून), ताक. पोषण संस्था ताटात भाज्या-फळे भरपूर, डाळी-कडधान्ये पुरेशी आणि धान्य बेताचे असावे असे सांगते. आपल्याकडे गाडी उलटी चालते. चार पोळ्या, वर भात, आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. पोळी एक कमी आणि भाजी-वरणाची वाटी एक जास्त, एवढी अदलाबदल केली तरी फार मोठे काम होते.

5. कसे खावे?

काय खावे याइतकेच कसे खावे याला महत्त्व आहे.

(क) सकाळी काही खाऊनच शाळेत यावे. चहा-बिस्कीट म्हणजे नाश्ता नव्हे. मुगाचे धिरडे, थालीपीठ, भाज्या घातलेले पोहे, काहीच जमले नाही तर पोळी आणि केळे.

(ख) पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत जेवण संपवणारा निरोप येण्याआधीच जास्त खाऊन बसतो. म्हणून सावकाश, चावून खावे.

(ग) जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. डोळे पडद्यावर असले की हाताला हिशेब राहत नाही.

(घ) रात्रीचे जेवण लवकर. पॉवरलूमवर पाळीने काम करणाऱ्या घरांत हे कठीण आहे, मला ठाऊक आहे. तिथे निदान मुलांना आधी वाढावे, आणि दिवसातून एक जेवण तरी सर्वांनी सोबत घ्यावे.

(च) "ताटात काही टाकायचे नाही" हा संस्कार उत्तमच. पण त्यासाठी आधी कमी वाढून घ्यावे. पोट भरलेल्या मुलाला "एवढा एक घास" म्हणून भरवू नये.

(छ) रोज किमान एक तास धावणे, खेळणे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी हेच सांगते.

6. शाळेने काय करायचे?

मुलांना उपदेश करून आपण मोकळे झालो तर तो अन्याय होईल. म्हणून विश्वस्त मंडळापुढे काही गोष्टी नम्रपणे ठेवतो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. फाटकाबाहेर उभे राहणारे ठेलेवाले आपलेच शेजारी आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. त्यांच्याशी बोलून केळी, पेरू, उकडलेले शेंगदाणे, भेळ असे काही ठेवता येईल का, ते पाहू. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. आपणही पाण्याच्या टाकीजवळ असा फलक लावू, आणि तो मुलेच तयार करतील. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी वर्गात केळी वाटावीत. खेळाचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जाणार नाही, हे मी लिहून देतो.

आणि शेवटचे. यापुढे वजन पडद्याआड, एकेकट्याचे घेतले जाईल. आकडा फक्त पालकांना बंद पाकिटातून कळवला जाईल. कुणाला 'जाड्या', 'काडीपैलवान' म्हणून चिडवणे ही शिस्तभंगाची बाब समजली जाईल, मग चिडवणारा विद्यार्थी असो वा शिक्षक.

स्वाध्याय

1. घरातील कोणत्याही एका पाकिटावरचा तक्ता वाचा. आकडे 100 ग्रॅमचे असतील तर पूर्ण पाकिटात साखर, मीठ, तेल किती ते काढा.

2. चिप्सचे चार तुकडे आणि केळ्याचे चार काप वेगवेगळ्या कागदांवर दाबून, कागद वाळू द्या. डाग कोणत्या कागदावर राहतो, आणि का, ते लिहा.

3. घरात महिन्याला तेल व साखर किती येते, ते आईला किंवा आजीला विचारा. घरातील माणसांनी भागा. बोलणी बसली तर माझे नाव सांगा.

4. सात दिवस डब्यात काय होते ते लिहून ठेवा. कुणालाही दाखवायची सक्ती नाही. स्वतःच वाचा.

ती मुलगी आता छान आहे. रोज डबा खाते, खो-खो खेळते, आणि परवा मधल्या सुट्टीत मलाच म्हणाली, "सर, तुमच्या डब्यात भाजी कमी आहे." मी दुसऱ्या दिवसापासून वाटी मोठी आणली. पालकहो, मुले आपल्या ताटाकडे पाहत असतात. सुरुवात तिथूनच करू या.

आपला,
प्राचार्य