शेडला कुलूप आहे, पण…

प्रश्न : घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मोटार रिवाइंडिंग करतो. शेजारच्या गल्लीत चोरी झाली. मोठं कुलूप पुरेल का?

उत्तर : कुलपापेक्षा आधी कोयंडा पाहा. तो बाहेरून स्क्रूने बसवलेला असेल, तर कुलपाला हात न लावता चोर स्क्रूच काढतो. गोल, गुळगुळीत डोक्याचे बोल्ट आरपार घालून नट आतल्या बाजूला घ्या आणि त्यांना वेल्डिंगचा टाका मारा. बिजागरीची पिन बाहेर असेल, तर तिलाही.

आता वर बघा. छताच्या जे-हूकचे नट पत्र्याच्या वरच असतात. साधा पाना पुरतो. पत्र्याखाली वेल्डेड जाळी बसवा, आणि शिडी, पहार अंगणात मोकळी ठेवू नका. माझ्या मते कॅमेऱ्याआधी हा खर्च करावा.

तुमच्याकडे खरं जोखमीचं आहे ते तांबं. तारेची रिळं आणि जुनी जळकी तार भंगारात सहज खपते, म्हणून ती रात्री घरात घ्या. ग्राहकांच्या मोटारींचे सिरियल नंबर वहीत उतरवा, नेमप्लेटचे फोटो काढा. माल सापडला तर ओळख पटवायला तेच लागतात.

घराच्या विम्यात धंद्याचा माल बहुधा धरत नाहीत, पॉलिसी वाचून घ्या. चोरी झालीच तर कशाला हात न लावता ११२ला फोन करा. तुटलेला कोयंडा टाकू नका, विमा कंपनी जबरीच्या खुणा मागते.