राजीनाम्यावर सही करण्याआधी

या महिन्याचा पाठ : कारखाना बंद झाला किंवा दुसरीकडे हलला तर

सख्यांनो,

वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार इथल्या गाळ्यांमध्ये आपल्या गटांतल्या कितीतरी जणी पॅकिंग, प्लास्टिक, शिलाईच्या कामाला जातात. पारोळ, भाताणे, सकवारहूनही जातात. भाडं परवडेनासं झालं, जागा कमी पडली की मालक काम भिवंडीला, वाड्याला नाहीतर वापीला हलवतो. मग सुपरवायझर एक कागद पुढे करतो, "ताई, इथं सही करा आणि वीस हजार घेऊन जा." तो कागद पुष्कळदा राजीनाम्याचा असतो.

आजचा पाठ एवढाच : काम मालकाने बंद केलं, तर राजीनामा आपण का द्यायचा?

सहीने काय जातं?

समजा एका ताईचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १२,००० रुपये आहे आणि तिची नोकरी ७ वर्षं झाली.

१. नोटीस : कामावरून काढण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर एक महिन्याचा पगार : १२,००० रुपये.

२. भरपाई : दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ६,००० गुणिले ७ : ४२,००० रुपये. शेवटचे महिने सहाहून जास्त असतील तर तेही पूर्ण वर्ष धरतात.

३. ग्रॅच्युइटी : महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने आणि मग वर्षांनी गुणायचं : सुमारे ४८,४६० रुपये.

बेरीज एक लाख दोन हजारांच्या वर जाते. राजीनामा दिला की पहिल्या दोन रकमा, म्हणजे ५४,००० रुपये, हातचे जातात. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, पण 'सगळा हिशेब मिळाला' असं लिहून दिलं तर तिच्यासाठीही भांडत बसावं लागतं.

भरपाईसाठी वर्षात किमान २४० दिवस काम झालेलं हवं. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग ५ वर्षं आणि कारखान्यात १० किंवा जास्त कामगार लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी १५ दिवसांचा हा हिशेब तोच आहे.

मालक म्हणेल, "तोटा झाला, गाळ्याचा करार संपला, मी कुठून देऊ?" कायदा ही कारणं मानत नाही. खरोखर हाताबाहेरच्या कारणाने काम बंद पडलं तरच भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा येते.

बेकारी भत्ता

पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली जात असेल तर हे वाचाच. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कारखाना बंद झाल्याने किंवा कामगार कपातीने नोकरी गेली आणि विम्यात किमान २ वर्षं भरली असतील, तर पहिले १२ महिने पगाराच्या निम्मा आणि पुढचे १२ महिने पाव भत्ता मिळतो. औषधोपचारही चालू राहतात. स्वतःहून नोकरी सोडणारीला हा भत्ता नाही. म्हणजे राजीनाम्याची सही इथेही आडवी येते. ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन अर्ज आणि चालू अटी विचारून घ्या.

पीएफ मात्र तुमचाच पैसा आहे, मालकाचा वाटाही त्यात धरून. तो कोणी अडवू शकत नाही. यूएएन क्रमांक, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, ते आजच बघा.

"भिवंडीला या, नाहीतर घरी बसा"

असं तोंडी सांगितलं तर तोंडी उत्तर देऊ नका. "मी काम करायला तयार आहे. नव्या जागी जाण्यायेण्याची सोय काय, ते लेखी कळवा. सोय होत नसेल तर काम बंद झाल्याची कायदेशीर देणी द्या." एवढं कागदावर लिहा, सगळ्याजणींनी सह्या करा, पोच घ्या. घेतलं नाही तर टपालाने पाठवा.

पीसवर काम करणारीही कामगारच असते. ठेकेदाराकडे असाल तर त्याचं नाव आणि कारखान्याचं नाव, दोन्ही लिहून ठेवा.

कागद जपा

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, नंतर कितीतरी गिरण्या बंद पडल्या. म्हाडाच्या घरासाठी पात्रता दाखवताना त्या कामगारांना आणि वारसांना तिकीट नंबर, पीएफचा, ईएसआयचा पुरावा शोधावा लागला. चाळीस वर्षांमागचा कागद घराच्या आड आला. आपण हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र आणि पगार जमा झालेलं पासबुक, यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवूया.

दाद कुठे मागायची?

सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. उशीर मात्र करू नका, दावा जुना झाला की अवघड होतो.

गटाच्या बैठकीत करायचं

• कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकीने कामाला लागल्याची तारीख आणि सध्याचा पगार वहीत लिहावा.
• वरच्या पद्धतीने तिची रक्कम सगळ्यांनी मिळून काढावी.
• वाचता न येणारीच्या पुढे कागद आला तर तो गटात वाचून दाखवल्याशिवाय तिने अंगठा द्यायचा नाही, असा ठराव करावा.

"उद्या सही करते, घरी दाखवून आणते," असं म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.