पसरणीचा शाहीर

कृष्णामाईच्या काठी वाई हे प्राचीन क्षेत्र वसले आहे. तेथून पाचगणीकडे निघाले, की घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव लागते. याच गावी ३ सप्टेंबर १९२३ रोजी एका गरीब कुटुंबात कृष्णराव साबळे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ‘शाहीर साबळे’ या नावाने ओळखू लागला.

बाळपणी कृष्णा बासरी वाजवी. शिक्षणासाठी तो अमळनेरला आजीकडे राहिला. तेथे त्याला साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा सातवीपाशीच सुटली. पण आपला गळा देशाच्या कामी लावावा, ही ओढ मनात रुजली. स्वातंत्र्याच्या व समाजसुधारणेच्या चळवळींत त्यांचा डफ निनादला.

मुलांनो, शाहीर कसा गातो, हे तुम्ही जत्रेत पाहिले असेल. डफावर थाप पडते, तुणतुणे झंकारते आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ म्हणून सूर धरतात. श्रोते डोलू लागले, की शाहिराला चेव येतो व पोवाडा तास तास रंगतो. परंतु ध्वनिमुद्रणाच्या खोलीत श्रोते कोठले? समोर केवळ एक यंत्र! त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. मैदान भरून टाकणारा आवाज एवढ्याशा वेळात बसवावयाचा, तोही जोम न गमावता, ही शाहिराची कसोटीच असे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत शाहिरांनी गायिले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या घरी तो पहाडी आवाज पोहोचला.

एवढी कीर्ती लाभली, तरी शाहीर खेड्याला विसरले नाहीत. गोंधळ, भारूड, वासुदेवाची गाणी हे लोककलांचे धन त्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून शहरांच्या रंगमंचावर मानाने उभे केले. १९९८ साली त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. २०१५ साली ते निवर्तले. आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२३ मध्ये, तेच गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले.

शाळा सुटली, तरी ज्याचे शिकणे सुटत नाही, त्याला खेड्याची वेस अडवू शकत नाही. गाणारा जातो, त्याने मनापासून गायिलेले गाणे मात्र मागे उरते.

स्वाध्याय
१. मैदानातील गाणे व तबकडीवरील गाणे यांत कोणता फरक आहे?
२. शाहिराच्या साथीला कोणकोणती वाद्ये असतात?
३. तुमच्या गावातील एखाद्या लोककलावंताची माहिती दहा ओळींत लिहा.