मोटारीचे नवे टायर : पुढे की मागे?

१. प्रश्न कसा उद्भवतो

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस बोगादी हा भाग आहे. मानसगंगोत्रीकडून येणारा बोगादी रस्ता येथे बाह्य वर्तुळमार्गास छेदून पुढे जातो. येथील मोटारमालक एरवी शहरातच मंद गतीने गाडी चालवितो. परंतु सुटीच्या दिवशी तीच गाडी २०२३ साली खुल्या झालेल्या बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गावर धावते, अथवा उटीकडे निघून ३६ तीव्र वळणांचा कल्लट्टी घाट चढते. म्हैसूरचा पाऊसही केवळ आषाढ-श्रावणापुरता नसतो. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि ऑक्टोबरात पुन्हा मोठा पाऊस होतो. कित्येक आठवडे कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर तेल आणि धूळ साचलेली असते. पहिल्या सरीने त्यांचा निसरडा थर तयार होतो. गाडीच्या टायरांची खरी परीक्षा अशाच वेळी होते.

मोटारीचे चारही टायर सारख्या प्रमाणात झिजत नाहीत. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० बाजारात येण्यापूर्वी भारतातील बहुतेक मोटारी, उदाहरणार्थ अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी, इंजिनाची शक्ती मागील चाकांना देत असत. आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत ती पुढील चाकांना मिळते. अशा गाडीत ओढणे, वळविणे आणि थांबविण्याच्या कामातील मोठा वाटा ही तिन्ही कामे पुढील टायरांकडेच येतात. साहजिकच ते लवकर झिजतात आणि मालकावर दोनच नवे टायर घेण्याची वेळ येते. टायरच्या दुकानात गेल्यावर तो सांगतो, “नवे पुढे बसवा.” हा सल्ला वरवर पाहता पटण्याजोगा आहे. तथापि यंत्रशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. त्याची कारणे आता क्रमाने पाहू.

२. टायरच्या खाचांचे कार्य

टायरच्या पृष्ठभागावर खाचा असतात. त्या पकड वाढवितात असा सर्वसाधारण समज आहे. कोरड्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर मात्र खाचांवाचूनही रबर चांगले चिकटून राहते. खाचांचे मुख्य कार्य पाणी वाहून नेणे हे होय.

एक साधे गणित करू. गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदास २५ मीटर वेगाने जात आहे. टायरचा रस्त्यास टेकलेला भाग १५ सेंटिमीटर रुंद व तितकाच लांब आहे, आणि रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे. एका टायरला एका सेकंदात सुमारे ११ लिटर पाणी बाजूस सारावे लागते. रबराचा कोणताही बिंदू रस्त्यास टेकून राहतो तो सेकंदाच्या हजार भागांपैकी अवघे सहा भाग. एवढ्या अवधीत पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने विमानांच्या टायरांवर केलेले या विषयावरील संशोधन १९६३ साली प्रसिद्ध झाले. पाण्याची खोली खाचांहून अधिक असेल, तर टायर कोणत्या वेगास तरंगेल हे मुख्यत्वे त्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मोटारीच्या नेहमीच्या दाबास, म्हणजे सुमारे ३० पौंडांस, हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. द्रुतगती मार्गावर मोटारी याहून अधिक वेगाने जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे खाचांचे महत्त्व कळून येईल. नव्या टायरची खाच सुमारे ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. आपल्या कायद्याने मोटारीसाठी ठरविलेली किमान खोली १.६ मिलिमीटर आहे.

३. वळणावर काय घडते

एक हजार किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार घेऊ. तिचे ६०० किलोग्रॅम पुढील चाकांवर आणि ४०० किलोग्रॅम मागील चाकांवर आहे. ती १०० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने घेत आहे. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता केंद्राकडील त्वरण सेकंदवर्गास ४ मीटर येते. यावरून पुढील चाकांना २,४०० न्यूटन आणि मागील चाकांना १,६०० न्यूटन इतके बाजूचे बल रस्त्याकडून मिळावयास हवे.

रस्ता ओला आहे. नव्या टायरचा घर्षणगुणांक ०.६ आणि झिजलेल्या टायरचा ०.४ आहे असे उदाहरणादाखल मानू.

नवे टायर पुढे बसविले, तर पुढील चाके अधिकात अधिक ३,५२८ न्यूटन बल देऊ शकतात. गरज २,४०० ची असल्याने तेथे काही अडचण नाही. मागील झिजलेली चाके मात्र १,५६८ न्यूटनच देऊ शकतात आणि गरज १,६०० ची आहे. म्हणून मागील चाके घसरतात.

आता नवे टायर मागे बसवू. मागील चाकांची क्षमता २,३५२ न्यूटन होते. १,६०० न्यूटनांची गरज सहज भागते. पुढील झिजलेल्या चाकांची क्षमताही २,३५२ न्यूटन येते, पण त्यांची गरज २,४०० ची आहे. म्हणून या वेळी पुढील चाके घसरतात.

येथे वाचक विचारतील, “दोन्ही प्रकारांत गाडी घसरतेच, मग फरक तो कोणता?” या प्रश्नाच्या उत्तरातच प्रस्तुत विषयाचे सार आहे.

४. दोन घसरणींतील भेद

पुढील चाके घसरली की गाडी अपेक्षेइतकी वळत नाही. तिचे वळण रुंदावते. वळण रुंदावले म्हणजे त्रिज्या वाढली, आणि त्रिज्या वाढली म्हणजे लागणारे बल कमी झाले. घसरणाऱ्या चाकांमुळे वेगही किंचित घटतो. चालकाला चक्र हलके झाल्याचे हातास जाणवते आणि तो स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटरवरील पाय उचलतो. पाय उचलताच गाडीचा भार काहीसा पुढे सरकतो, पुढील चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात आणि पकड परत येण्यास साहाय्य होते. सारांश, ही घसरण स्वतःच स्वतःस आवर घालते, आणि घाबरलेला सामान्य माणूस जे करतो तेच येथे बहुतांशी योग्य ठरते.

मागील चाके घसरली की याच्या अगदी उलट घडते. गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस जातो आणि तोंड वळणाच्या आत फिरते. वळण अधिक तीव्र होते, त्रिज्या घटते, लागणारे बल वाढते आणि घसरण अधिकच बळावते. घाबरून पाय उचलला अथवा ब्रेक दाबला, तर भार मागील चाकांवरून निघून पुढे जातो. आपल्या उदाहरणातील गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर आणि पुढील-मागील चाकांतील अंतर अडीच मीटर असेल, तर सेकंदवर्गास ३ मीटर इतक्या मंदनाने मागील चाकांवरील ३,९२० न्यूटन भारापैकी ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ टक्के भार कमी होतो. ज्या चाकांना आधीच पकड अपुरी होती, त्यांची पकड आणखी घटते. गाडी भोवऱ्यासारखी फिरते. तिला सावरण्यासाठी चक्र क्षणार्धात विरुद्ध दिशेस आणि नेमक्या प्रमाणात फिरवावे लागते. हे कौशल्य शर्यतीच्या चालकास सरावाने येते. मुलाबाळांसह प्रवासास निघालेल्या गृहस्थाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

म्हणून चांगली पकड मागे असावी. इंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळो वा मागील, हा नियम बदलत नाही.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ब्रेक लावताना बहुतेक काम पुढील चाके करतात. तेव्हा नवे टायर पुढे असल्यास गाडी लवकर थांबेल. सरळ ओल्या रस्त्यापुरते हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु थांबण्याचे अंतर वाढल्यास चालकाला वेग कमी ठेवून व पुढील वाहनापासून दूर राहून त्याची भरपाई करता येते. गाडी एकदा गरकन फिरली की तिची भरपाई करावयास अवधी उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पुढील चाके पाणी बाजूस सारतात व मागील चाकांना कोरडी वाट मिळते. सरळ रस्त्यावर हे अंशतः घडते. वळणावर मात्र मागील चाके पुढील चाकांच्या नेमक्या मागावरून जात नाहीत. त्यांना स्वतःची वाट स्वतःच काढावी लागते.

तिसरा आक्षेप, पुढील टायर फुटला तर काय, हा होय. टायर फुटण्याची नेहमीची कारणे कमी हवा, अतिभार, आतील इजा आणि जुने झालेले रबर ही आहेत. त्यांवरील उपाय म्हणजे नियमित तपासणी. नवी जोडी पुढे बसविल्याने मागे ठेवलेला सदोष टायर निर्दोष होत नाही.

अलीकडील अनेक मोटारींत घसरण ओळखून एकेका चाकास ब्रेक लावणारी विद्युत् योजना असते. ती उपयुक्त आहे. पण जी पकड टायरातच नाही, ती कोणतीही योजना निर्माण करू शकत नाही.

६. प्रत्यक्ष कृती

म्हैसूर शहर टायरउद्योगास अपरिचित नाही. विक्रांत टायर्स हा कारखाना येथेच उभा राहिला आणि १९९७ साली जे. के. टायर समूहाकडे गेला. टायर कोणत्याही कारखान्याचा असला, तरी मालकाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

समजा, पुढील टायरांच्या खाचा २ मिलिमीटर व मागील टायरांच्या ५ मिलिमीटर उरल्या आहेत. पुढील जोडी काढून टाकावी, मागील जोडी पुढे आणावी आणि नवी जोडी मागे बसवावी. चाके बदलण्याची मजुरी थोडी अधिक पडेल. ती वाचविण्याचा मोह टाळावा. मागील टायरही तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील, तर चारही नवे घेणे उत्तम. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत बहुधा चारही टायर सारखेच लागतात. तेथे गाडीच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी.

एका आसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत. सुमारे ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पुढील व मागील चाकांची अदलाबदल करीत गेल्यास चारही टायर जवळजवळ सारखे झिजतात आणि प्रस्तुत प्रश्नच सहसा उद्भवत नाही. हवेचा दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावा. टायरच्या कडेवरील चार आकडी खूणही पाहावी : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातील टायर. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजून पृष्ठभाग त्यांच्याशी समपातळीत आला की टायरची मर्यादा संपली असे समजावे.

७. सारांश

पुढील चाकांची घसरण आपोआप मंदावते. मागील चाकांची घसरण आपोआप वाढते. याकरिता दोनच नवे टायर घेतल्यास ते मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवण्याची आवश्यकता मात्र त्यानेही संपत नाही, कारण वेग निम्मा केला की वळणावर लागणारे बल चौथ्या हिश्श्यावर येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणातील मोटार तेच वळण ताशी ५४ किलोमीटर वेगाने घेत असल्यास मागील चाकांना किती बल लागेल? झिजलेले टायर ते देऊ शकतील काय? (उत्तर : ९०० न्यूटन, होय.)

२. मागील आसनावर माणसे व पेटीत सामान भरल्यास भाराची वाटणी कशी बदलेल? मागील चाकांना लागणाऱ्या बलावर त्याचा काय परिणाम होईल?

३. आपल्या घरच्या वाहनाच्या प्रत्येक टायरच्या खाचांची खोली मोजा व कोष्टक करा. कोणती जोडी अधिक झिजली आहे आणि का, ते लिहा.