ज्या गांवीं थारा मिळाला नाहीं

जो मनुष्य आपणांस आवडतो त्याच्यावर प्रीति करावयास धर्माची शिकवण लागत नाहीं. अडचण पडते ती निराळ्याच माणसांशीं: वर्गांत प्रत्येक गोष्टीस खोडा घालणारा सोबती, वसतिगृहांत दुसऱ्याचा साबण वापरून वर त्याच्यावरच रागावणारा मित्र, अंगणांत पडलेला चेंडू परत न देणारा शेजारी. पालकांच्याही ओळखीचीं अशीं माणसें असतीलच. त्यांची यादी आम्हीं द्यावयास नको. अशांच्या बाबतींत प्रभु येशूनें काय केलें हें पाहण्यासाठीं आम्ही लूककृत शुभवर्तमानाचे ९ वा व १० वा हे दोन अध्याय घेतों. ते बहुधा निरनिराळ्या दिवशीं वाचले जातात, आणि म्हणून त्यांतील एक गोष्ट नजरेंतून निसटते.

प्रभु यरुशलेमेस निघाला होता. वाटेंत शोमरोनी लोकांचें एक गांव होतें. उतरण्याची सोय करावी म्हणून त्यानें माणसें पुढें पाठविलीं. परंतु हे प्रवासी यरुशलेमेस चालले आहेत असें कळतांच गांवकऱ्यांनीं त्यांस थारा दिला नाहीं. यहूदी व शोमरोनी यांचें वैर जुनें होतें. शोमरोनी लोक गरिज्जीम डोंगर पवित्र मानीत, आणि तेथील त्यांचें मंदिर इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत यहूदी राज्यकर्ता हिर्कानस यानें पाडून टाकिलें होतें. तेव्हां गांवकऱ्यांचा राग अगदींच निष्कारण होता असें म्हणवत नाहीं.

याकोब व योहान हे दोघे बंधु मात्र संतापले. आकाशांतून अग्नि पाडून हें गांव भस्म करावें काय, असें त्यांनीं विचारिलें. प्रभूनें उलट त्यांचीच कानउघाडणी केली, आणि सर्व मंडळी दुसऱ्या गांवाकडे वळली. ही शेवटची गोष्ट लहान आहे, पण ध्यानांत ठेवावी. प्रभूनें त्या दारांत हट्ट धरिला नाहीं. जो सोबती मारतो त्याच्यापुढें रोज मार खाण्यास उभें राहावें असें प्रीति सांगत नाहीं. तेथून निघावें व वडील माणसांस सांगावें. ही चहाडी नव्हे.

पुढील अध्यायांत एक शास्त्री येतो, आणि शेजारी म्हणावें तरी कोणास असा प्रश्न करितो. उत्तरादाखल प्रभु गोष्ट सांगतो. यरुशलेमेहून यरीहोस जाणारी वाट सुमारें २७ किलोमीटरांत जवळजवळ १,००० मीटर खालीं उतरते; ओसाड डोंगरांतील ती वाट लुटारूंस सोयीची. घायाळ मनुष्यास टाळून याजक गेला, लेवी गेला. थांबला तो शोमरोनी. त्यानें जखमांस तेल व द्राक्षारस लाविला, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, आणि निघतांना दोन दीनार दिले. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

ही गोष्ट आम्हीं वर्गांत कितीतरी वेळां शिकविली, परंतु ती सांगणाऱ्याकडे आमचें लक्षच गेलें नव्हतें. ज्या लोकांनीं नुकतेंच दार लावून घेतलें होतें, त्यांच्यांतील एकाचा त्यानें गौरव केला. आणि तोही त्यांच्या पाठीमागें, यहूदी श्रोत्यांपुढें, जेथें शोमरोन्यांची निंदा सर्वांस गोडच लागली असती. शास्त्र्याच्या तोंडून तर शेवटपर्यंत ‘शोमरोनी’ हा शब्दही निघाला नाहीं.

येथें आम्हांस स्वतःची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत असत. पाण्यावरून, झाडाच्या फांदीवरून, मुलांच्या ओरडण्यावरून त्यांची रोज कुरकुर चाले. आम्हीं त्यांस कधीं उलट उत्तर दिलें नाहीं, आणि याचा आम्हांस मनांतून अभिमानही होता. मात्र शाळेंत चहाच्या वेळीं आम्ही त्यांची नक्कल करीत असूं. नक्कल चांगली साधे. सहकारी पोट धरून हंसत. एके दिवशीं त्यांच्याच नात्यांतील एक विद्यार्थी वह्या घेऊन दाराशीं उभा असलेला आम्हांस दिसला. त्यानें सर्व ऐकिलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं; वह्या ठेवून गेला.

नक्कल त्या दिवसापासून बंद झाली, पण तेवढ्यानें भागत नव्हतें. त्यांच्याविषयीं चांगलें काय बोलतां येईल याचा आम्ही शोध करूं लागलों, व पहिला आठवडा कोरडाच गेला. मग ध्यानांत आलें कीं, उन्हाळ्यांत ते रोज पहाटे पांखरांसाठीं एका पसरट भांड्यांत पाणी भरून ठेवितात. हें आम्हीं त्या विद्यार्थ्याजवळ आणि पुढें चहाच्या वेळीं सहकाऱ्यांजवळही सांगितलें. कोणी हंसलें नाहीं. फांदीचें भांडण मात्र शेवटपर्यंत राहिलें.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायांत शोमरोन पुन्हां येतें. तेथें फिलिप्पानें सुवार्ता सांगितली, तेव्हां यरुशलेमेच्या प्रेषितांनीं पेत्र व योहान यांस तिकडे पाठविलें. हा तोच योहान. त्यानें त्या लोकांसाठीं प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेविले, आणि परततांना दोघांनीं शोमरोन्यांच्या पुष्कळ गांवांत सुवार्ता सांगितली. त्यांत तें गांव होतें कीं नव्हतें, हें लूकानें लिहिलेलें नाहीं.